हरवलेला खाऊ : आठवण आणि इतिहास

मराठीतील ‘खाऊ’ हा शब्द लहान असला तरी विचार करण्याजोगा आहे. खाण्याचे पदार्थ असंख्य आहेत. परंतु त्यांपैकी कोणताही पदार्थ स्वभावतः खाऊ नसतो. कोणीतरी तो कोणासाठी तरी आठवणीने आणला, म्हणजे तो खाऊ होतो. पंगतीत वाढलेला लाडू हे पक्वान्न होय. तोच लाडू परगावाहून आलेल्या मामाने पिशवीतून काढून भाच्याच्या हातावर ठेवला, की तो खाऊ होतो. चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, रेवड्या, गुडदाणी, राजगिऱ्याचे लाडू हा एके काळचा सर्वमान्य खाऊ. पुढे त्यांच्या जोडीला लिमलेटच्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या आल्या, बिस्किटे आली, चॉकलेटे आली, रंगीत पेयांच्या बाटल्या आल्या. हे पदार्थ घरी झालेले नव्हते, गावच्या हलवायानेही केलेले नव्हते. त्यांच्यावर दूरच्या एखाद्या कारखान्याचे नाव छापलेले होते. तरीही मुलांनी त्यांना खाऊच म्हटले, आणि ते खाऊच झाले.

आज त्यांपैकी पुष्कळ पदार्थ मिळत नाहीत. जे मिळतात ते पूर्वीच्या चवीचे राहिले नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. साठी उलटलेली चार माणसे एकत्र बसली, म्हणजे प्रकृतीची विचारपूस आटोपताच अशा पदार्थांची यादी सुरू होते. काही दिवसांपूर्वी निवृत्त शिक्षकांच्या एका बैठकीत प्रस्तुत लेखकाला याचा अनुभव आला. साहित्यावर बोलण्यासाठी जमलेली मंडळी तासभर गोळ्या-बिस्किटांवरच बोलत राहिली. शेवटी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “अहो, काळच पालटला, तिथे या गोळ्यांचं काय घेऊन बसलात!” सर्वांनी माना डोलावल्या. प्रस्तुत लेखकानेही डोलावली. परंतु घरी परतताना ते उत्तर अपुरे वाटू लागले. ‘काळ पालटला’ हे वाक्य आपण वर्गात एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत वाचले असते, तर त्याला गुण दिले असते काय? कोणती वस्तू, कोणत्या वर्षी, कोणाच्या निर्णयाने आणि कोणत्या कारणाने गेली, हे आपण त्याला विचारले असते. तोच प्रश्न आपण आपल्या आठवणींना विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. बालपणीचा हा खाऊ काळाच्या ओघात आपोआप वाहून गेला नाही. कायदा, नाणे, करार आणि मालकी या चार गोष्टींनी त्याचे भवितव्य ठरवले, असे या प्रश्नाच्या शोधात दिसून येते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. घरातला पदार्थ हरवणे आणि कारखान्याचा पदार्थ हरवणे या दोन निराळ्या घटना आहेत. मराठीत पाकशास्त्रावरील मुद्रित ग्रंथांची परंपरा चांगली जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि घराघरांत पोचली. एखाद्या कुटुंबात एखादे पक्वान्न दोन पिढ्या झाले नाही, तरी अशा ग्रंथाच्या आधाराने नातसून ते पुन्हा करू शकते. प्रमाण थोडे चुकेल, पाक थोडा पक्का होईल. परंतु पदार्थ परत येतो, कारण त्याची कृती सर्वांची आहे. कारखान्याच्या गोळीचे तसे नाही. तिच्यात साखर किती, ग्लुकोज किती, अर्क कोणता, पाक कोणत्या उष्णतेला उतरवला, हे कारखान्याचे गुपित असते. ती कृती म्हणजे मालमत्ता होय. मालकाने ती कुलपात ठेवली, विकली किंवा टाकून दिली, तर खाणाऱ्याला दाद मागता येत नाही. आपल्या पूर्वजांना खाऊच्या बाबतीत हा अनुभव नव्हता. आपली पिढी ही अशा प्रकारे खाऊ हरवलेली जवळजवळ पहिलीच पिढी आहे.

हे कारखाने आले कसे? कलकत्त्याला ब्रिटानियाचा उगम १८९२ सालचा. मुंबईच्या उपनगरात, विलेपार्ले येथे, मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली मिठाईच्या गोळ्यांचा कारखाना सुरू केला. गावाच्या नावावरूनच त्याला ‘पार्ले’ हे नाव पडले. तेथे १९३९ साली बिस्किटे होऊ लागली. ती ‘पार्ले ग्लुको’ या नावाने खपत, आणि १९८० च्या दशकात त्यांचे ‘पार्ले-जी’ असे नामांतर झाले. बिस्किटे ही त्यापूर्वी साहेबाच्या चहाबरोबर दिसणारी वस्तू होती. ती हळूहळू आजारी माणसाच्या पथ्याची, मग प्रवासाच्या शिदोरीची, आणि शेवटी मुलांच्या रोजच्या खाऊची झाली. पुण्याच्या साठे बिस्किटांचे नावही जुन्या मंडळींच्या तोंडी आजतागायत आहे.

महाराष्ट्रातील गोळ्यांच्या इतिहासात रावळगावचे स्थान विशेष आहे. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे आगबोटी, विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांमुळे सर्वपरिचित आहेत. नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे त्यांनी माळरानावर उसाची शेती उभी केली आणि १९३३ साली तेथे साखर कारखान्याची कंपनी स्थापन झाली. त्याच साखरेच्या आधाराने १९४२ साली गोळ्या निघू लागल्या. ते महायुद्धाचे दिवस होते, आयात आखडलेली होती; अशा वेळी ऊस, साखर आणि गोळी ही तिन्ही एकाच शिवारात तयार व्हावीत, ही गोष्ट आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’ इत्यादी नावांनी या गोळ्या दूरदूरच्या दुकानांत पोचल्या. परप्रांतात राहणाऱ्या मराठी मुलाला रावळगाव हे गाव नकाशावर दाखवता आले नसते; पण ते नाव त्याच्या तोंडी अक्षरशः विरघळलेले होते.

आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांना येथे आणखी एक नाव सुचेल. जे. बी. मंघाराम ही बिस्किटांची पेढी मूळची सिंधमधील सक्कर येथील. फाळणीनंतर ती ग्वाल्हेरला आली. शिंद्यांच्या राजधानीत स्थिरावलेली मराठी घराणी आणि सर्वस्व मागे टाकून आलेले सिंधी उद्योजक यांची गाठ एका बिस्किटाच्या डब्यावर पडावी, हा फाळणीच्या इतिहासातील एक लहानसा, पण दिलासा देणारा प्रसंग आहे. मंघारामांच्या पत्र्याच्या डब्यांवर देवदेवतांची सुरेख रंगीत चित्रे असत. बिस्किटे चार दिवसांत संपत. डबा मात्र वर्षानुवर्षे घरात राही. चकल्या, पापड, सुईदोरा, बटणे, जुनी पत्रे अशी नाना प्रकारची संपत्ती त्यात सुखाने नांदे. कित्येक घरांत डब्यावरचा बाळकृष्ण पुसट होईपर्यंत तो डबा वापरात होता. आज असे डबे संग्राहक हौसेने जमवतात. खाऊचा इतिहास लिहिताना पदार्थ नष्ट होतो आणि वेष्टन उरते, हे अभ्यासकाने लक्षात ठेवले पाहिजे. ताम्रपट व शिलालेख यांच्या मानाने बिस्किटाचा डबा हे साधन क्षुल्लक वाटेल; परंतु विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घराची साक्ष तो जशी देईल, तशी सरकारी दप्तरे देणार नाहीत.

कधी कधी याच्या उलटही घडते. पदार्थ राहतो आणि त्याच्या भोवतीचे जग जाते. विलेपार्ल्याचा मूळ कारखाना २०१६ साली बंद झाला. बिस्किटे अन्य ठिकाणी होतच आहेत, कोणत्याही खेड्यात ती मिळतात. परंतु लोकलगाडी त्या स्थानकाजवळ आली म्हणजे भाजणाऱ्या बिस्किटांचा जो गोड वास डब्यात शिरे, तो आता येत नाही. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला त्या वासावरून स्थानक कळत असे. हा वास कोणत्याही पुड्यात भरून विकलेला नव्हता, म्हणून तो बंद झाल्याची नोंदही कोठे झाली नाही. बिस्कीट तेच असताना लोकांना काहीतरी हरवल्यासारखे वाटते, याचे एक कारण हे आहे.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण कोणाला सहसा सुचत नाही, ते म्हणजे नाणे. गोळी ही सर्वांत लहान नाण्याच्या आधाराने जगणारी वस्तू होय. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. आता शंभर नवे पैसे झाले. म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नवे पैसे. हा ‘सव्वा’ पोस्टाच्या तिकिटापासून गोळीपर्यंत सर्वत्र त्रास देऊ लागला. आण्याची वस्तू सहा नव्या पैशांना द्यावी की सात, यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक हुज्जत घालीत, आणि त्या वेळच्या शाळकरी मुलांना हे त्रैराशिक पाठ्यपुस्तकापेक्षा वाण्याच्या दुकानातच अधिक पक्के झाले. १९६४ साली ‘नवे’ हे विशेषण गळले आणि पैसा नुसताच पैसा झाला. पुढे १९७० च्या दशकात एक, दोन आणि तीन पैशांची नाणी क्रमाने व्यवहारातून मागे पडली. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे आणि त्याखालील कोणतेही नाणे चलनात राहिले नाही. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते. व्यवहारात ते क्वचितच कोणी घेतो.

याचा परिणाम काय झाला? महागाईने साखर, मजुरी, कागद, इंधन यांचे दर वाढत गेले. परंतु गोळीची किंमत मनास येईल तशी वाढवता येत नाही. ती एका नाण्याचीच असावी लागते. चार आण्यांची गोळी तीस पैशांना विकता येत नाही, आणि एक रुपयाची गोळी एक रुपया दहा पैशांना विकता येत नाही. एका नाण्यावरून दुसऱ्या नाण्यावर उडी घ्यावी, तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्याची गोळी उचलते. मग गोळी लहान होते, तिच्यातील महाग घटक कमी होतो, किंवा ती बंद पडते. ‘पूर्वीची गोळी मोठी होती’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळांना वाटते की आपण लहान होतो म्हणून ती मोठी भासत असे. तसे असेलही, परंतु गोळी खरोखरच लहान होण्यास पुरेसे कारण होते, हेही विसरता कामा नये. सुट्या पैशांऐवजी वाणी जेव्हा गल्ल्याशेजारच्या बरणीतून दोन गोळ्या काढून देऊ लागला, तेव्हा तर गोळी हेच नाणे झाले. आणि नाणे झालेल्या गोळीला खाऊचा मान राहिला नाही. ती कोणी कोणासाठी आणलेली नव्हती.

दुसरे कारण राज्यकारभाराचे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘डबल सेव्हन’ या पेयाचे आहे. १९७३ च्या विदेशी चलनविषयक कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातील आपला भांडवली हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि कोका-कोला कंपनीपुढे प्रश्न उभा राहिला. आपल्या पेयाच्या अर्काचे गुपित भारतीय भागीदारीत आणण्यापेक्षा तिने देश सोडणे पसंत केले. कृती ही मालमत्ता असते असे वर म्हटले, त्याचे याहून मोठे प्रमाण नको. रिकाम्या झालेल्या जागेसाठी सरकारने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडून अर्क तयार करवून घेतला आणि ‘मॉडर्न बेकरीज’ या सरकारी कंपनीमार्फत नवे पेय बाजारात आणले. त्या वर्षाच्या आकड्यावरून त्याचे नाव ठेवले गेले. एका निवडणुकीच्या वर्षाचे नाव धारण करणारे पेय दुसऱ्या निवडणुकीनंतर टिकेल कसे? १९८० साली सत्तापालट झाला, सरकारी आस्था ओसरली, आणि डबल सेव्हन हळूहळू दिसेनासे झाले. २००० साली ती सरकारी कंपनीही खासगी मालकीत गेली. त्या पेयाची चव आठवणाऱ्यांपैकी काहीजण ती उत्तम होती म्हणतात, काही ती बेचव होती म्हणतात. इतिहासकाराला हा वाद सोडवण्याची गरज नाही. एखाद्या पिढीच्या जिभेवरची चव लोकसभेच्या बलाबलावर अवलंबून होती, एवढे नोंदवले म्हणजे पुरे.

तिसरे कारण करार. ‘गोल्ड स्पॉट’ हे नारिंगी पेय पार्ल्याच्याच घराण्यातले. एका पिढीच्या वाढदिवसांवर आणि लग्नसमारंभांवर त्या रंगाची छाया आहे. बाटलीच्या झाकणाच्या आत ‘जंगल बुक’मधील प्राण्यांची चित्रे येऊ लागली, तेव्हा मुले पेयापेक्षा झाकणांसाठी बाटल्या मागू लागली, उपाहारगृहाच्या दारातील झाकणे गोळा करणे हा एक उद्योगच होऊन बसला. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, १९९३ साली कोका-कोला परत आली, आणि त्याच वर्षी तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा व माझा ही पेये विकत घेतली. विकत घेणाऱ्याजवळ स्वतःचे नारिंगी पेय होते. एका घरात दोन नारिंगी पेये कशाला, हा हिशेब उघड होता. २००० च्या सुमारास गोल्ड स्पॉट बाजारातून काढून घेण्यात आले. लोकांनी पिणे सोडले म्हणून ते गेले नाही. मालकाला दुसरे अधिक प्रिय होते म्हणून गेले. त्याच व्यवहारातील थम्स अप मात्र लोकांच्या आवडीमुळे टिकून राहिले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

येथे आठवणीला एक कठीण प्रश्न विचारणे भाग आहे. हरवलेले सर्व काही चांगलेच होते काय? शीतपेयांत नारिंगी-लिंबू अर्क नीट मिसळून राहावा म्हणून ब्रोमिनयुक्त वनस्पतितेल घालण्याची पद्धत होती. आरोग्याच्या शंकेमुळे भारतात १९९० साली त्यावर बंदी आली. म्हणजे पेय बंद होण्यापूर्वीच त्याची घटना बदललेली होती, आणि तो बदल हिताचा होता. लाल टोकाच्या पांढऱ्या गोड सिगारेटी आम्ही दोन बोटांत धरून ओढल्याचा आव आणीत असू. त्या आठवल्या की हसू येते, पण आपल्या नातवाच्या बोटांत त्या असाव्यात असे कोणाला वाटणार नाही. शाळेच्या फाटकाशी विकल्या जाणाऱ्या भडक रंगाच्या बर्फाच्या गोळ्याबद्दलही हेच. स्मरणरंजनाला विवेकाची जोड नसली, तर ते आपल्याला अन्नभेसळीचाही जयजयकार करावयास लावील.

दुसरा कठीण प्रश्न असा की, ‘आपल्या’ बालपणीचा खाऊ म्हणताना ‘आपण’ म्हणजे कोण? मराठी बोलणारी मुले एकाच राज्यात, एकाच चलनाखाली वाढली नाहीत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात पोर्तुगीज राजवट होती; तेथील बाजारात परदेशी चॉकलेटे आणि डबाबंद पदार्थ येत, तर पलीकडे बेळगावात त्याच वयाचे मूल देशी लिमलेटवर संतुष्ट असे. दोघांच्या घरात मराठीच वाचली जाई, पण त्यांच्या खाऊच्या यादीत नाक्यावरची जकात उभी होती. हैदराबादच्या मराठी मुलाने निजामी राजवटीत उस्मानिया शिक्का देऊन खाऊ घेतला. संस्थान विलीन झाल्यावरही ते चलन १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पूर्ण लोपले नव्हते. तेव्हा ‘सर्वांचे’ बालपण असे काही नव्हते. प्रत्येक प्रांताची आठवण वेगळी आहे, आणि तिची वेगळी नोंद झाली पाहिजे.

प्रांतभेदापेक्षाही खोल भेद पैशाचा होता. प्रस्तुत लेखकाने आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत एकदा पाचवीच्या वर्गाला ‘माझा आवडता खाऊ’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनी बिस्किटे, चॉकलेटे, शीतपेये यांविषयी उत्साहाने लिहिले. शेवटच्या बाकावरील एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. वडील हमालीवरून येताना गुळाचा खडा आणतात, तोही दर शनिवारी. तोच आपला खाऊ, असा त्यांचा आशय होता. त्या वहीवर मी ‘निबंध अपुरा’ असा शेरा मारला. तो शेरा आज मला बोचतो. निबंध अपुरा नव्हता. खाऊचा खरा अर्थ त्या एकट्यानेच नेमका लिहिला होता. काचेच्या बरणीतील गोळ्या आणि दुकानातील बाटल्या पाहणारी, पण घेऊ न शकणारी मुले त्या काळी बहुसंख्य होती. त्यांच्या दृष्टीने गोल्ड स्पॉट बंद पडले ही घटनाच नव्हे. ते त्यांच्यासाठी कधी सुरूच झाले नव्हते. आपल्या यादीत त्यांचे मौन नोंदवले नाही, तर आपण लिहू तो इतिहास न होता सुखवस्तू घराची रोजनिशी होईल.

अलीकडे या आठवणींना एक नवे वळण लागले आहे. त्यांना बाजारभाव आला आहे. पार्ल्याची ‘रोला-कोला’ ही गोळी २००६ साली बंद झाली होती. २०१९ साली एका गिऱ्हाइकाने समाजमाध्यमावर तिची मागणी केली. दहा हजार लोकांनी दुजोरा द्यावा, असे कंपनीने म्हटले, तो मिळाला, आणि त्याच वर्षी गोळी परत आली. कोका-कोला गेल्यानंतर तिच्या जुन्या बाटलीभरणाऱ्यांनी काढलेले ‘कँपा कोला’ हे पेय मागे पडले होते; रिलायन्स समूहाने २०२२ साली ते नाव विकत घेतले व २०२३ साली पेय पुन्हा बाजारात आणले. आणि २०२४ साली रावळगावच्या गोळ्यांची बोधचिन्हे, नावे आणि कृती त्याच समूहाने सत्तावीस कोटी रुपयांस घेतल्या. या शेवटच्या व्यवहारातील एक गोष्ट फार बोलकी आहे. जमीन, इमारती आणि यंत्रे मूळ कंपनीकडेच राहिली. विकली गेली ती केवळ नावे आणि कृती. ज्या शिवारात ऊस, साखर आणि गोळी एकत्र जन्मली, त्या शिवारापासून गोळी कायदेशीररीत्या वेगळी झाली. रावळगाव हे गाव जेथे होते तेथेच आहे. ‘रावळगाव’ ही गोळी आता कोठेही होऊ शकते.

या पुनरुज्जीवनाचा राग धरण्याचे कारण नाही. बंद पडलेली गोळी पुन्हा मिळाली, तर प्रस्तुत लेखकही ती घेईल, आणि बहुधा दोन घेईल. परंतु नाव परत येणे आणि खाऊ परत येणे यांतील अंतर आपण ओळखले पाहिजे. कंपनीजवळ कृती असते. मामाची पिशवी तिच्याजवळ नसते. ज्यांनी तो खाऊ आणला ते आजोबा, मावशी, शेजारचे काका आता नाहीत, म्हणून परत आलेली गोळी तोंडात टाकताच चव चुकल्यासारखी वाटते आणि आपण कारखान्याला दोष देतो. कारखान्याचा दोष असेल तेथे तो जरूर द्यावा. नाण्याचा, कराराचा, कायद्याचा भाग असेल तेथे तो तारखेनिशी दाखवावा. एवढी झडती घेतल्यावरही जे शिल्लक उरेल, ते आपल्या माणसांचे स्मरण होय, आणि त्याची जबाबदारी कोणत्याही कंपनीवर टाकता येणार नाही.

म्हणून शिक्षक-बंधुभगिनींना आणि संस्थेच्या सभासदांना एक विनंती आहे. आपल्या घरातील जुने डबे, वेष्टने, झाकणे, किराण्याच्या वह्या टाकून देण्यापूर्वी त्यांवरील नाव, गाव, किंमत आणि वर्ष लिहून ठेवावे. विद्यार्थ्यांना आजी-आजोबांकडे पाठवून त्यांना तीन प्रश्न विचारावयास सांगावे : खाऊ कोणता होता, तो केवढ्याला मिळे, आणि तो कोण आणीत असे. ज्या घरी खाऊ येत नसे, त्या घरीही हे प्रश्न तितक्याच आदराने विचारावेत आणि मिळेल ते उत्तर, चार ओळींचे असले तरी, पूर्ण मानून उतरून घ्यावे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथून अशी टिपणे जमली, तर परप्रांतीय मराठी घराचा एक इतिहास त्यांतून उभा राहील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कदाचित जुन्या जाहिरातींतही सापडतील. तिसऱ्याचे उत्तर देणारी माणसे मात्र थोडी उरली आहेत.